आवाजवाट

गॅसवरचे दूध वर येऊ लागले, तशी धनपालरावांनी गॅलरीतून हाक दिली, "दूध बघ गं."

सुलक्षणाबाई ओट्याशीच उभ्या होत्या. सत्तरीच्या उंबरठ्यावरही त्यांचे कान ठणठणीत होते. तरीही सायीखाली सुरू झालेली ती बारीक खदखद त्यांना ऐकू आलेली नव्हती. दोन खोल्या पलीकडे बसलेल्या नवऱ्याला ती ऐकू आली होती. गेल्या वर्षापर्यंत हाच माणूस मिरज जंक्शनात इंजिनाची शिटी डोक्यावर वाजली तरी हलत नसे. रेल्वेच्या सिग्नल खात्यात उभा जन्म काढून त्याने कान तिथेच ठेवले होते. आता त्याच्या कानामागच्या हाडात तांदळाच्या दाण्याएवढे श्रवणबीज होते. ते ज्या कार्यशाळेत घडले, तिच्या प्रमुख सुलक्षणाबाई आरगे होत्या, आणि ही गोष्ट त्या कुणाला विसरू देत नसत.

"बघितलं," त्या म्हणाल्या. "आणि गिझर बंद करा. पाणी कधीचं तापलंय."

उत्तर आले नाही. त्यांनी गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि पुन्हा, जरा चढ्या आवाजात, तेच सांगितले. गॅलरीत वर्तमानपत्राचे पान उलटल्याचा आवाज झाला, एवढेच.

त्या बाहेर आल्या. डाव्या गुडघ्यामुळे त्यांची त्या पायातली चप्पल फरशीवर किंचित फरफटत असे. त्या गॅलरीच्या दाराशी पोहोचतात तोच धनपालरावांनी शेजारच्या खुर्चीवरची भाजीची पिशवी उचलून खाली ठेवली आणि स्वतःचे पाय आखडून घेतले. मान मात्र वर केली नाही.

"अहो," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "गिझर."

काही नाही. खाली रस्त्यावरून भाजीवाली कोथिंबिरीचा पुकारा करीत चालली होती. धनपालराव लगेच कठड्यावरून वाकले. "पेंडी कशी दिली गं?"

सुलक्षणाबाईंच्या कपाळावरची आठी खोल गेली. त्यांनी हातातला चमचा मुद्दाम फरशीवर टाकला. धनपालराव वळले. "काय पडलं?"

"माझी अक्कल," त्या त्यांच्या तोंडासमोर वाकून म्हणाल्या. "मी काय सांगतेय ते ऐकू येत नाही की येऊ द्यायचं नाही?"

धनपालरावांनी त्यांच्या ओठांकडे पाहिले, सौम्यपणे मान हलवली आणि म्हणाले, "हं."

ते "हं" संसाराइतकेच जुने होते. त्यात होकार नव्हता, नकार नव्हता. ते फक्त समोरच्याचे वाक्य संपल्याची पोच देत असे. सुलक्षणाबाई आत गेल्या आणि गिझर त्यांनीच बंद केला. मी आले हे याला कळते, भाजीवाली कळते, चमचा कळतो. कळत नाही ते फक्त मी बोललेले. हा योगायोग नव्हे. नवऱ्याला सरळ विचारून टाकणे त्यांच्या स्वभावात नव्हते. ज्याच्यावर संशय आहे, त्याला प्रश्न विचारून सावध करू नये, असे त्यांचे मत होते.

कार्यशाळा एमआयडीसीच्या शेवटच्या रांगेत होती. तिथे त्या शिरल्या की माणसे खुर्च्यांत ताठ बसत.

श्रवणबीजाचे मर्म त्याच्या धातूत नव्हते. ते त्याच्या आतल्या आज्ञावलीत होते. ती आज्ञावली 'तंतू' नावाच्या संगणकीय भाषेत लिहिलेली होती. कोणत्याही अशा भाषेला एक गाभा असतो: बेरीज कशी करायची, स्मृतीत काय कुठे ठेवायचे, आलेली लहर कशी मोजायची, असल्या प्राथमिक क्रियांचा संच. स्वयंपाकाच्या आधी घरात पाणी, मीठ आणि विस्तव लागावा, तसा. नेहमीच्या संगणकांसाठी हा गाभा तयार मिळतो. श्रवणबीजासाठी मिळत नाही, कारण त्याच्या आतल्या चिमुकल्या चकतीत, म्हणजे चिपमध्ये, स्वतःचा गाभा स्वतः घडवण्याइतकी जागाच नसते. तो कार्यशाळेतल्या मोठ्या यंत्रावर, पण चकतीच्या बोलीत घडवून मग तिच्यात उतरवावा लागतो. या कामाला तिथे परसंकलन म्हणत, आणि ते करणाऱ्या आज्ञावलीला संकलक.

यात आणखी एक गोम होती. हे श्रवणबीज हाडात बसल्यावर ज्याच्या त्याच्या श्रवणाच्या शिरेला जुळवून घेत आपल्या आतल्या जोडण्या बदलत असे. परिणामी, महिन्याभरात कोणतेही दोन कान एकसारखे उरत नसत. प्रत्येक कान म्हणजे वेगळे यंत्र, आणि प्रत्येकासाठी वेगळा गाभा. आठवड्यातून एखाद्या रात्री माणूस उशाशी ठेवलेल्या चार्जिंगच्या पाळण्यावर डोके टेकी, तेव्हा बॅटरी भरली जाई, साठलेल्या नोंदी कार्यशाळेत येत, आणि अधूनमधून नव्याने घडलेला गाभा कानात उतरे.

येत्या सोमवारी जिल्ह्यातल्या शाळांमधल्या मुलांना श्रवणबीजे बसवायला सुरुवात व्हायची होती. कागदपत्रे तयार होती. सुलक्षणाबाईंची मंजुरी तेवढी राहिली होती.

त्यांनी तहसीनला बोलावले. तहसीन सतारमेकर ही गाभ्याचे काम पाहणारी अभियंता. तिचे आजोबा तंबोरे घडवीत. तिच्यासाठी खुर्ची होती, पण बाईंनी "बस" म्हटले नाही, म्हणून ती उभी राहिली.

"आमच्या घरच्या कानात शेवटचा गाभा कुणी उतरवला?"

"संकलकानेच, बाई. आपोआप जातो तो."

"आपोआप काही जात नाही. कुणीतरी त्याला जायला सांगितलेलं असतं. लक्ष्यपत्र कुणाचं?" लक्ष्यपत्र म्हणजे ज्या कानासाठी गाभा घडवायचा, त्या कानाचे संकलकाला दिलेले वर्णन.

"माझं." तहसीनचा आवाज बदलला. "काही बिघडलंय का?"

"त्यांना दूध उकळलेलं ऐकू येतं. भाजीवाली ऐकू येते. मी ऐकू येत नाही." बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. "गेल्या महिन्यात सर्वांसमोर मी तुला बोलले होते. चूक तुझीच होती. पण माणसाच्या मनात राहतं."

तहसीनचे ओठ आवळले गेले. "बाई, मला तुमच्यावर राग काढायचा असता तर मी नोकरी सोडली असती. सरांच्या कानात कशाला शिरले असते? गाभ्याच्या सगळ्या चाचण्या बरोबर आल्यात."

"चाचणीत आवाज कोणाचा?"

"तुमचाच. दुसरा कोणाचा असणार?"

हा त्या कार्यशाळेचा रिवाज होता. तंबोऱ्याच्या घोडीवरची जवारी घोटून झाली, की शेवटचा सूर घडवणाऱ्या उस्तादाच्या कानाने ठरे. तसे इथे नव्या गाभ्याला पहिली वाक्ये ऐकवली जात ती बाईंच्या आवाजात. स्पष्ट उच्चार, खणखणीत पट्टी. ती वाक्ये त्यांनी स्वतः ध्वनिमुद्रित केली होती आणि दुसऱ्या कुणाच्या आवाजाचा विचारही होऊ दिला नव्हता.

सुलक्षणाबाई खुर्चीत मागे टेकल्या. "म्हणजे हे असं झालं असणार. संकलकाला माझा आवाज फक्त चाचणीत भेटतो. चाचणीपुरतं जे असतं ते तो शेवटच्या गाभ्यातून काढून टाकतो. तो त्याचा नियमच आहे. बाकीच्या कानांना मी कधी भेटत नाही, म्हणून त्यांचं काही अडलं नाही. आमच्या घरी तेवढं अडलं. बरोबर?"

तहसीनने शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिले. मग म्हणाली, "हो, बाई. तसंच असेल."

"असेल नको. आहे की नाही?"

"आहे."

चाचणीची वाक्ये त्याच दुपारी भांडारातल्या रावसाहेबांच्या आवाजात मुद्रित झाली. रावसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा बाईंच्या जागी उभे राहताना घामाने सदरा भिजवला. नवा गाभा घडला आणि पाळण्यामार्फत धनपालरावांच्या कानात उतरला. सुलक्षणाबाई निश्चिंत झोपल्या. नवऱ्यावरचा संशय फिटला होता आणि कारण तर जवळजवळ मानाचेच निघाले होते.

सकाळी त्यांनी धनपालरावांच्या मागे उभे राहून विचारले, "चहा ठेवू?"

धनपालराव नखे कापत राहिले.

त्या दिवशी त्या कार्यशाळेत गेल्या त्या थेट कोपऱ्यातल्या जुन्या यंत्राकडे. त्यावर धुवट कापडाचे आच्छादन असे. तरुण मंडळी त्याला "बाईंचं देवघर" म्हणत, अर्थात बाईंच्या पाठीमागे. एके काळी इथे प्रत्येक गाभा दोनदा घडवला जाई: एकदा नव्या संकलकाने आणि एकदा या यंत्रावरच्या जुन्या, साध्या संकलकाने. मग दोन्ही समोरासमोर लावून पाहायचे. एका संकलकाने काही लपवाछपवी केली तर दुसऱ्यामुळे उघडकीला यायची. कान हजारोंच्या घरात गेले तशी ही पद्धत मागे पडली. यंत्र मात्र बाईंनी मोडीत काढू दिले नव्हते.

"तहसीन, लक्ष्यपत्र इथे आण. आणि माझ्याशेजारी थांब. नजरेआड नको."

जुना संकलक सावकाश होता. चहा येऊन निवला, तेव्हा कुठे गाभा तयार झाला. दोन्ही गाभे पडद्यावर शेजारी शेजारी उभे राहिले. जुना ऐसपैस होता. नवा सडपातळ. नव्यात जागोजागी कापलेल्या फांद्यांची टोके दिसावीत, तशी रिकामी टोके होती.

"हे काय?"

"आवाजवाटा," तहसीन म्हणाली. वारंवार कानी पडणाऱ्या प्रत्येक आवाजासाठी गाभ्यात एक स्वतंत्र वाट तयार होत असे, त्या आवाजाला शिरेपर्यंत नेणारी. ज्या आवाजाची वाट नसेल, तो पंख्याच्या घरघरीत जमा होई आणि दाबला जाई. "इथे एक वाट होती. खूप रुंद. सरांच्या कानातली सगळ्यात रुंद."

"माझी."

"हो."

"कापली कुणी? तू?"

"छाटणीने, बाई."

छाटणी हा शब्द सुलक्षणाबाईंच्या ओळखीचा होता. बॅटरी जेमतेम दिवसभर टिकत होती, तेव्हा त्यांनीच बैठकीत टेबलावर बोट आपटून सांगितले होते, की जे निरुपयोगी असेल ते गाभ्यातून काढा. तेव्हापासून बॅटरी आठवडाभर टिकू लागली. निरुपयोगी म्हणजे काय आणि ते ठरवायचे कुणी, हे त्या बैठकीत कुणी विचारले नव्हते. बाईंनी बोट आपटल्यावर विचारायची पद्धत नव्हती.

"ती कशावरून ठरवते?"

तहसीन पडद्याकडे पाहत बोलली. "आवाजानंतर शरीर काय करतं त्यावरून. मान वळली का, नाडीचा ठेका बदलला का, माणूस उठला का, बोलला का. बराच काळ एखाद्या आवाजानंतर काहीच झालं नाही, तर ती वाट बिनकामाची. चकतीत जागा कमी आहे, बाई. ती दुधाला दिली, भाजीवालीला दिली."

"ते मला उत्तर देतात. 'हं' म्हणतात."

तहसीनने मान खाली घातली.

"बोल."

"संकलक ते धरत नाही. ते 'हं' तुमचा आवाज थांबला की येतं. शब्द कोणतेही असोत, ते तेच असतं. त्याने तो प्रतिसाद मानला नाही."

खोलीत जुन्या यंत्राचा पंखा फिरत राहिला. सुलक्षणाबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे तुला काल ठाऊक होतं."

"शंका होती."

"मग मी चाचणीचं म्हटलं तेव्हा 'आहे' का म्हणालीस?"

"तुम्ही 'असेल नको' म्हणालात," तहसीन म्हणाली. मग, आता काय व्हायचे ते होवो अशा स्वरात, "इथे तुमच्यापुढे कोण नाही म्हणतं, बाई? आणि दुसरं काय सांगणार होते मी? की सरांना तुमच्या बोलण्याचं काही... मला ते तोंडातून काढवेना."

सुलक्षणाबाईंनी तिला दटावले नाही. त्यांना वेगळेच आठवत होते. कुपवाडच्या एका आईची तक्रार दोनदा आली होती. प्रयोगासाठी जिला सर्वांत आधी श्रवणबीज बसवले, त्या मुलीची आई. मुलीला शाळेची घंटा ऐकू येते, मैत्रिणी ऐकू येतात, मी हाक मारलेली ऐकू येत नाही, असे तिचे म्हणणे. बाईंनी त्यावर हसून सांगितले होते की अभ्यासाला हाक मारली तर कुठल्या मुलाला ऐकू येते?

"कुपवाडच्या मुलीचा गाभा लाव इथे."

लावला. जुना ऐसपैस, नवा सडपातळ. एक रुंद वाट कापलेली.

"लहान मुलं हाकेला उठत नाहीत," सुलक्षणाबाई हळू म्हणाल्या. "दहादा उठत नाहीत, अकराव्यांदा उठतात. त्या दहा हाका वाया जातात असं कुणी ठरवलं?"

संचालक पट्टणशेट्टींचा फोन दुपारी आला. मंजुरी अजून का नाही, हे त्यांना हवे होते.

"मिळणार नाही," बाई म्हणाल्या. "छाटणी बंद. गाभा प्रत्येक कानात पुरता जाईल."

"मॅडम, पुरता गाभा गेला तर बॅटरी दिवसभर जेमतेम टिकेल. शाळांना आपण आठवडा सांगितलाय."

"मग शाळांना खोटं सांगितलंत, ते आता खरं सांगा. पोरांना रोज पाळण्यावर झोपवा."

"तुम्हीच मागितली होती ही छाटणी."

"हो. आणि आता मीच थांबवतेय. सोमवारी हवं असेल तर माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाची सही घ्या आणि खाली लिहा की आरगेबाई नाही म्हणाल्या." त्यांनी फोन ठेवला आणि तहसीनकडे वळल्या. "पुरता गाभा घडव. आधी कुपवाडचा, मग आमच्या घरचा."

"बाई," तहसीन म्हणाली, "छाटणी काढली तरी नोंदी चालूच राहतील. कुठल्या आवाजानंतर काय झालं, त्या."

"राहू देत. खुर्चीवर बस आता. कधीची उभी आहेस."

संध्याकाळी त्या घरी आल्या, तेव्हा धनपालराव दिवा न लावता बसले होते. सुलक्षणाबाईंनी बटण दाबले.

"आलीस," ते म्हणाले. "एक विचारू? तू हल्ली माझ्याशी बोलत नाहीस."

सुलक्षणाबाई जागीच थांबल्या.

"ओठ हलताना दिसतात. वाटतं, मनाशीच काहीतरी चाललंय. आधी वाटलं कामाचा ताण असेल. मग वाटलं माझ्यावर रागावलीस. विचारणार होतो. म्हटलं, तूच सांगशील." त्यांनी कानामागे बोट फिरवले. "एवढं सगळं ऐकू येतं गं. पाल सरकलेली ऐकू येते. घर मात्र गप्प झालंय."

"मी बोलतेय," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "रोज बोलतेय."

धनपालरावांनी त्यांच्या ओठांकडे पाहिले आणि वाट पाहिली. ओठ थांबल्यावर म्हणाले, "हं."

पुरता गाभा त्या रात्री पाळण्यातून कानात उतरला.

सकाळी धनपालराव गॅलरीत बसले होते. सुलक्षणाबाई दोन कप घेऊन स्वयंपाकघरातून निघाल्या. आज आवाज पोहोचणार होता, त्यात त्यांना शंका नव्हती; गाभा त्यांनी स्वतः तपासला होता. शंका होती ती पुढची. तो पोहोचल्यावर आत काही हलेल का, आणि हलले नाही, तर यंत्राने खोटे ते काय सांगितले होते?

त्या दाराशी आल्या. तोंड उघडण्याआधीच धनपालरावांनी शेजारच्या खुर्चीवरचे वर्तमानपत्र उचलले, पाय आखडून घेतले आणि मान त्यांच्या बाजूला किंचित कलती केली.

सुलक्षणाबाईंची नजर त्या रिकाम्या खुर्चीवर गेली. ही जागा करून देणे त्या रोज पाहत आल्या होत्या आणि त्यांनी ते कधी मोजले नव्हते. संकलकानेही मोजले नव्हते. तो आवाजानंतरचे पाहत होता. हे आवाजाच्या आधी घडून गेले होते. फरफटणाऱ्या चपलेची चाहूल दोन खोल्या ओलांडून आधी पोहोचली, की या माणसाची मान वळून, नाडी हलून, जागा करून झालेली असायची. बाईंचा आवाज पोहोचेतो शरीराला करण्यासारखे काही उरलेलेच नसे.

किंवा हे सगळे त्या आता स्वतःच्या समाधानासाठी रचत होत्या. परवा चाचणीचे कारण त्यांनी असेच रचले होते, आणि तेही किती सोयीचे होते.

त्या काही न बोलता मागे फिरल्या. कप ओट्यावर ठेवले. डाव्या पायातली चप्पल काढली, मग उजव्या. गार फरशीवरून, गुडघा सांभाळत, टाच टेकू न देता त्या परत गॅलरीच्या दाराशी आल्या. खुर्चीवर वर्तमानपत्र परत आले होते. या वेळी ते कुणी उचलले नाही. पाय लांब पसरलेले होते. रस्त्यावर भाजीवाली अजून आली नव्हती.

आता त्या माणसापर्यंत पोहोचायला त्यांच्याजवळ केवळ आवाज होता. गिझर, दूध, चहा, औषध, किराणा, अशी वर्षानुवर्षांची वाक्ये जिभेवर आली आणि एकेक करून त्यांनी ती परत पाठवली. यातले एकही वाक्य माणसाने वळून पाहावे असे नव्हते. मग असे वाक्य कोणते, आणि ते त्यांनी शेवटचे कधी उच्चारले होते?

"अहो," त्या म्हणाल्या, आणि पुढचा शब्द शोधत, त्या पांढऱ्या केसांच्या मानेकडे बघत उभ्या राहिल्या.